लाटेचा पहिला हात

आमच्या गावच्या जत्रेत लाटेला पहिला हात कुणाचा, यावर अजून बोलणं निघतं. पारावर निघतं, लग्नाच्या पंगतीत निघतं, आणि दर वेळी कुणीतरी माझ्या तोंडावर सांगतो, "लाट खरी सुटली ती तुमच्या धाकट्यामुळं." सांगणारे बहुतेक तेव्हा जन्मालाही आले नव्हते. म्हणून मी हे लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही शेवटची परीक्षा न देता, कारण शेताची भाजणी आडवी आली. अक्षर वाईट आहे, आठवण वाईट नाही.

ज्यांनी लाट पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. कापड्याच्या अलीकडं आमचं गाव, पोलादपूर तालुक्यातलं. देवळासमोर एक जाड खांब पुरलेला. चैत्रातल्या जत्रेला त्याच्या डोक्यावर ऐनाच्या लाकडाचा लांबलचक सोट आडवा बसवायचा, मधोमध भोक पाडलेला, खांबाच्या खुंट्यावर फिरणारा. ती लाट. एका टोकाला नवस फेडणारा माणूस उंच बांधायचा. पूर्वी म्हणे पाठीत गळ टोचत; आमच्या वेळी कमरेला कापडानं आवळून बांधत. दुसरं टोक छातीएवढं खाली येतं, ते लोटलं की सगळं फिरतं. दुसऱ्या गावांत माणसं टोक धरून खांबाभोवती धावतात. आमच्याकडं ते जमत नाही, कारण देऊळ दरडीला लागून, एका अंगाला खालच्या वाफ्याचा बांध. धावायला वाटच नाही. म्हणून आमच्यात माणसं एकाच जागी उभी राहतात आणि टोक समोर आलं की लोटतात. आधी लोटलं तर खांद्याला झटका बसतो, उशिरा लोटलं तर हात हवेत जातो. बरोब्बर लोटलं तर लाट दर फेरीला थोडी थोडी चढत जाते, आणि शेवटी वरचा माणूस डोळ्यांना धड दिसतही नाही.

या लाटेला पहिला हात लावायचा मान आमच्या घराचा. बापाच्या बापापासून. आणि त्याचा नियम असा, की एकदा ज्याचा हात लागला, तो मान त्याच्या हयातीपर्यंत त्याचा; त्यानं स्वतः सोडला तरच दुसऱ्याचा. बापूस थकला, चालवेना, की त्यानं गावकीसमोर सांगायचं, आता अमक्याचा. ज्या घराला माणूस पुढं करता आला नाही, त्याचा मान वरच्या घराला जायचा. वरचं घर म्हणजे आमचीच भावकी. ते या दिवसाची वाट पाहत बसलेले.

मी थोरला. चौदा-पंधरा वर्षांचा असल्यापासून लाटेला हात देत होतो, बापसाच्या मागं दुसरा. नांगर माझा, भात माझं, आईचं दुखणंखुपणं माझं. म्हणजे हे माझ्याकडंच येणार, यात बोलायसारखं काही नव्हतं. असं मला वाटत होतं.

धाकटा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला मास्तरांनी हुशार ठरवलं आणि बापसानं महाडला हायस्कुलात घातलं. एका ओळखीच्या घरी राहायचा. दर महिन्याला डोक्यावर तांदूळ आणि कुळथाचं पीठ घेऊन त्याच्याकडं कोण जायचं? मी. तिथं त्या घरातली बाई मला ओट्यावर बसवायची आणि त्याला आत हाक मारायची, "बाळ, तुझा माणूस आलाय." तुझा माणूस! त्यानं सांगायला पाहिजे होतं, माझा भाऊ आलाय. सांगितलंही असेल. मी ऐकलं नाही.

पुढं तो मुंबईला शिकला आणि समुद्राकडच्या एका वेधशाळेत लागला. वेधशाळा म्हणजे पावसाची नव्हे. चुंबकाची. पृथ्वी हे एक मोठं लोहचुंबक आहे, आणि ते सूर्याच्या गडबडीमुळं हलतं, ते हलणं मोजायचं, हे त्याचं काम. घरी आला की गावातल्या लोकांनी आमच्या ओटीवर गर्दी करायची. घरात एकच खुर्ची होती, ती बापसाची. धाकटा आला की बापूस स्वतः उठून त्याला बसवायचा. मी त्या खुर्चीत आजपर्यंत बसलो नाही.

एकदा आईनं मला त्याच्या वेधशाळेत पाठवलं, नव्या तांदळाची पिशवी देऊन. फाटकावर चौकीदार उभा.

"कोयता बाहेर ठेवा."

माझ्या कमरेला आकडी, आकडीत कोयता. आमच्याकडं माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडत नाही, मग तो देवाला जावो की सोयऱ्याकडं.

"का? मी काय कुणाला तोडायला आलोय?"

"तुमच्या कोयत्यानं आतली सुई हलते."

मी कोयता झाडाला टांगला. मग तो म्हणाला, अडकित्ता. मी चंची सोडून अडकित्ता दिला. मग माझ्या पायांकडं बघून म्हणाला, वहाणांना खिळे आहेत. मी अनवाणी झालो. मग करदोऱ्याची किल्ली. मी म्हटलं, "बाबा, दातबी काढू का?" तेवढ्यात धाकटा आला आणि हसून म्हणाला, "दादा, सगळ्यांनाच काढावं लागतं. साहेबांनाही." तो साहेबांना काढायला लावत असेल, पण साहेबांना मी पाहिलं नाही. अनवाणी मीच होतो.

आत अंधाराची खोली, भिंतीच्या आत भिंत. एक बारीकशी सुई धाग्याला टांगलेली, तिला नखाएवढा आरसा. आरशावर दिव्याचा उजेड पडायचा आणि त्याचा ठिपका पलीकडं फिरत्या कागदावर. सुई हलली की ठिपका हलायचा, आणि त्याची रेघ कागदावर उमटायची. धाकटा कुजबुजत सांगत होता, जशी काही आत बाळंतीण निजलीय. सूर्यावर वादळ झालं की त्याचा लोट पृथ्वीपर्यंत येतो, पृथ्वीचं चुंबक थरथरतं, आणि ही सुई सांगते. मी तिच्यासमोर उभा राहिलो. जिवंत माणूस, पोलादपुराहून तांदूळ वाहून आणलेला. सुई ढिम्म. आणि तो सूर्य, कुठल्या कुठं, त्याच्यासाठी ती नाचते म्हणे. बाहेर आल्यावर मी कोयता कमरेला लावला तेव्हा कुठं अंगात जीव आला.

मला तेव्हाच कळलं होतं, की हा माणूस माझ्या वाट्याचं काहीतरी घेणार. काय घेणार ते कळायला एकोणीसशे साठ उलटून दोन-चार वर्षं जावी लागली.

त्या वर्षी बापसाचं कंबरडं गेलं. जत्रा तोंडावर. धाकटा रजा काढून आला होता. दुपारची जेवणं झालेली, ओटीवर गावकीतली चार म्हातारी माणसं. त्यांच्यात सगळ्यांत वडील होते त्यांना गाव आबा म्हणायचं. आबा बोलले की गावकी बोलली. मी खाली अंगणात आंब्याच्या सावलीत लाटेचा सोट आडवा टाकून त्याला करंजेल चोळत बसलो होतो. वर्षातून एकदा चोळावं लागतं, भोकाजवळ जास्त. ते काम मीच करायचो.

आबांनी विचारलं, "काय रे, तुज्या त्या आभाळात सध्या काय चाललंय?"

धाकटा म्हणाला, "आबा, पृथ्वीभोवती दोन पट्टे सापडलेत. माणसानं यंत्रं वर सोडली तेव्हा कळलं. एक जवळ, एक लांब, कड्यासारखे."

"कसले पट्टे?"

"विजेचे कण. इलेक्ट्रॉन म्हणतात. पृथ्वीच्या चुंबकानं पकडून ठेवलेले. उत्तरेकडून दक्षिणेकडं, दक्षिणेकडून उत्तरेकडं सारखे झेपावतात, आणि तसे झेपावता झेपावता पृथ्वीला फेऱ्या घालतात."

"दिसतात?"

"नाही."

"दिसत नाय आन् हाय," आबा म्हणाले. "देवासारकं झालं."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तो बोलत होता म्हणून नाही हसलो.

"खरी गंमत पुढं आहे," धाकटा म्हणाला. "एरवी हे कण असतात तेवढ्याच वेगात असतात. पण सूर्याकडून वादळ आलं की कधी कधी त्यांतले काही भयंकर वेग घेतात. उजेडाच्या जवळपास. असे कण माणसानं सोडलेल्या यंत्रांत घुसतात आणि यंत्र बिघडवतात. आता त्यांना हा वेग देतं कोण? वादळ तर बाहेरून येतं आणि निघून जातं."

तो खुर्चीतून उठला, पायऱ्या उतरून अंगणात आला आणि मला म्हणाला, "दादा, जरा सरक."

मी तेल चोळत होतो. माझ्या सोटावरून मला सरक म्हणाला.

तो सोटाच्या टोकावर हात ठेवून ओटीकडं वळला. "हे बघा. खांब म्हणजे पृथ्वी. लाटेचं टोक म्हणजे तो कण, फेऱ्या घालणारा. आपल्या गावात धावत कुणी लोटत नाही. माणूस एका जागी उभा, टोक समोर आलं की लोटतो. बरोबर वेळेला लोटलं तर दर फेरीला वेग वाढतो. वादळ आलं की पृथ्वीचं चुंबक नुसतं एकदा हलत नाही, त्याला हेलकावे बसतात, लहरी उठतात. त्या लहरी म्हणजे ही लोटणारी माणसं. ज्या कणाच्या फेरीशी लहरीचा मेळ बसतो तो चढत जातो. ज्याचा बसत नाही त्याचा वेग उलट घटतो. काही तर पट्ट्यातून बाहेरच फेकले जातात, काही खाली हवेत पडून संपतात. म्हणून प्रत्येक वादळ सारखं नसतं."

"ह्ये असंच हाय?" आबांनी विचारलं.

"नक्की नाही. मोठ्या मोठ्या लोकांत अजून वाद चाललेत. पण मला हे पटतं, कारण मी ही लाट पाहिलीय."

पाहिलीय! लहानपणी तो टोकाच्या आधीच हात पुढं करायचा आणि आपटायचा. 'टोक छातीसमोर येऊ दे रे' असं त्याला कुणी शिकवलं? खांद्याला हळद कुणी लावली?

आबा बापसाकडं वळले. "आयकलंस का? आमची सगळ्यांची हाडं गेली लोटून, पर लाटेचं मर्म ह्या पोराला कळलंय. औंदा पयला हात ह्यालाच दे. गावाचं नाव हुईल."

बापूस माझ्याकडं बघेना. पान चघळत बसला. मग म्हणाला, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे झालं.

धाकटा म्हणाला, "दादाला द्या की." पण एकदाच म्हणाला. आबांनी हात हलवला आणि तो परत खुर्चीत जाऊन बसला. आई दारातून म्हणाली, "तू आत ये रे, ताक पी." मला म्हणाली. ताक! मी सोटाला तेल चोळत राहिलो. पार संध्याकाळपर्यंत चोळलं, इतकं की दुसऱ्या दिवशी सोटाखालची मातीसुद्धा तेलकट झालेली.

जत्रेला दोन दिवस राहिले असताना ग्रामपंचायतीचा रेडिओ गेला. तो बॅटरीवरचा. देवळाच्या पडवीत ठेवलेला, सकाळी कामं उरकली की पोरंटोरं नि म्हातारे त्याच्याभोवती. कुठलंसं परदेशी स्टेशन गाणी लावायचं, तेच लावलेलं. भर उन्हात, गाणं चालू असताना आवाज खोल जात जात बंद. एकानं रेडिओला चापट मारली, एकानं बॅटरीच्या तारा ओढल्या. सरपंच म्हणाले, "बॅटरी संपली. जत्रेच्या तोंडाला बरी संपते!"

धाकटा तिथंच होता. त्यानं काटा फिरवला आणि मिडियमवर मुंबई लावली. मुंबई खरखरत का होईना, लागली.

"बॅटरी ठीक आहे," तो म्हणाला. "लांबून येणारं तेवढंच गेलंय. सूर्यावर काहीतरी मोठं झालं."

आणि घरी येऊन पिशवी भरायला लागला.

आई रडायला लागली. बापूस म्हणाला, "अरे, हात तुजा हाय परवा." तो म्हणाला, "बाबा, मला गेलंच पाहिजे," आणि निघाला. मी शेतावर होतो. मला कळलं तेव्हा तो अर्ध्या वाटेवर. मी तसाच धुळीच्या पायांनी पोलादपूरच्या एस.टी. स्टँडपर्यंत गेलो. लोकांना वाटतं, मी त्याला आनंदानं निरोप द्यायला गेलो. मी भांडायला गेलो.

तो बाकावर बसून शेंगा खात होता.

"जत्रा टाकून कुटं चाललास?"

"दादा, रेडिओ गेला तो सूर्यावरच्या स्फोटानं. त्याचा उजेड लगेच येतो. वादळ मागून सावकाश येतं. परवापर्यंत पोचेल असं वाटतं."

"परवा जत्रा हाय."

"म्हणूनच तर."

"तुज्याबिगर सुई हलायची नाय का?"

"हलेल. पण ठिपका कागदाबाहेर गेला तर रेघच मिळायची नाही. सवयीचं कुणीतरी पाहिजे तिथं."

"आन् पयला हात?"

"तो तुझाच आहे. तू घे."

"मी तुजं टाकलेलं उचलू?"

"टाकलेलं कुठं? मी घेतलं कधी?"

"बापूस बघू म्हनला म्हंजे दिलं. म्हायती नाय तुला? तू परवा हात लाव, आन् सगळ्या गावासमोर सांग, ह्यो मान दादाचा हाय. मंग घेईन. असा बाकावर ठेवलेला नाय घ्यायचा मी."

त्यानं शेंगेचं टरफल खाली टाकलं. "दादा, लाट दरवर्षी आहे. हे वादळ परत येणार नाही."

हे वाक्य मला अजून टोचतं. जे मिळावं म्हणून मी पोरपणापासून खांदे झिजवले, ज्यासाठी चार दिवस मी जेवलो नव्हतो, ते त्यानं 'दरवर्षी आहे' म्हणून बाजूला सारलं. त्यानं ते हट्टानं माझ्याकडून ओढून घेतलं असतं तरी चाललं असतं. त्याला ते नकोच होतं.

कशेडीकडून गाडी आली, धुळीनं माखलेली. कंडक्टर दारातून ओरडला, "भांडण खाली ठेवा, माणूस वर चढवा! गाडी उशिरा हाय!" धाकटा चढला. खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हणाला, "घाई करू नकोस, दादा. टोक छातीसमोर येऊ दे."

मला! मी शिकवलेलं मलाच. गाडी महाडच्या वाटेला लागली तरी मी तिथंच उभा होतो.

घरी येऊन मी बापसाला सांगितलं, मी हात लावणार नाही.

"मंग कोन लावील?"

"ज्याला दिलास तो."

बापसानं समजावलं, आईनं समजावलं, आबा स्वतः आले. "असा काय करतोस रे? घराचा मान वरच्या घराला जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. बोललो ते बोललो.

जत्रेच्या दिवशी लाट चढवली. नवसाचा माणूस वर बांधला. गुलाल, ढोल, "चांगभलं!" सगळं गाव आणि कापड्यापर्यंतचे पाव्हणे दरडीवर बसलेले. मी खालच्या बांधावर हाताची घडी घालून. बापूस काठी टेकत लोटायच्या जागेवर आला. त्याच्या कंबरेत बळ नव्हतं. सोटानं उलटा झोल दिला असता तर मोडला असता माणूस. ढोल थांबला. तेवढ्यात वरच्या घरातला थोरला पुढं झाला. "काका, सरा तुमी. मी हाय."

त्याच्या डोक्याला नवा फेटा. कोरा, गुलाबी, तुरा काढलेला. त्यानं तो आधीपासून आणून ठेवला होता!

लोक म्हणतात मी बापसाकडं बघून उठलो. खोटं आहे. मी त्या फेट्याकडं बघून उठलो. बांधावरून उडी मारली, त्याच्या आणि सोटाच्या मध्ये शिरलो, आणि टोकाला छाती लावली.

पहिला हात काय असतो ते सांगतो, कारण कुणी सांगत नाही. थांबलेली लाट माणसाला ओळखत नाही. वरचा माणूस, ऐनाचा सोट, सगळं वजन तुझ्या छातीवर येतं आणि हलत काही नाही. पायाखालची माती मागं सरते. खुंटा कण्हतो. मग कुठं ती वीतभर जाते, मग हातभर, मग आपल्या मनानं एक फेरी घेऊन संथ परत येते, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय झालं एवढं? पण मी दुसऱ्यांदा लोटली, तिसऱ्यांदा लोटली. मागं वरच्या घराचा आणि बाकीचे हात देत होते. टोक छातीसमोर, की रेटा. टोक छातीसमोर, की रेटा. तेल मुरलं होतं भोकात. लाट गरगरायला लागली. वरचा माणूस "चांगभलं" ओरडत होता ते एकसारखं ऐकू येईना, आवाज गोल गोल येत होता.

तेव्हा मी आबांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघावं एवढंच मला हवं होतं. आबा कपाळावर हात धरून वर आभाळाकडं बघत होते. शेजारच्याला म्हणाले, "आज वरबी फिरत आसंल न्हवं? धाकटा म्हनला व्हता."

आणि शेजारचाही वर बघायला लागला. आणि त्याच्या शेजारचा. मी लाट फिरवतोय, आणि अर्धी दरड भर उन्हात रिकाम्या आभाळाकडं बघतेय!

गणपतीला धाकटा घरी आला. आरती झाली, मोदक झाले, मग मी विचारलं, "सापडलं का तुजं वादळ?"

"सापडलं. जत्रेच्याच दिवशी. ठिपका कागदाच्या कडेला जाऊन थडकला. मी होतो म्हणून सावरला."

"आन् ते कन? फिरले?"

"ते आमच्या सुईला कळत नाही. ते वरच्या यंत्रांना कळतं. परदेशातले कागद हल्ली आले. वादळ ऐन भरात होतं तेव्हा कण वाढले नाहीत. उलट ओसरले. बाहेरचा पट्टा रिकामाच झाल्यासारखा."

मी मांडीवर थाप मारली. "म्हंजे माजी फिरली आन् तुजी नाय फिरली!"

आणखी दोन मोदक खाल्ले. मग मी उठलो आणि आबांकडं जाऊन सांगून आलो. वरच्या घरी सांगून आलो. पडवीत रेडिओपाशी बसलेल्यांना सांगितलं. परत आलो तर धाकटा ओटीवर हसत बसलेला.

"पुढचं ऐकून तरी जायचंस, दादा. वादळ निवायला लागलं, आणि मग काही दिवसांत कण परत आले. आधीपेक्षा कितीतरी जास्त, कितीतरी वेगवान. वादळाच्या भरात नाही, वादळ ओसरताना. लहरी मागं राहिल्या होत्या ना."

"म्हंजे माणसं घरला गेल्यावर लाट सुटली?"

"तसंच."

मी गावात परत सांगायला गेलो नाही. ते त्यानं आपलं आपण सांगावं. त्यानं सांगितलंही.

पुढच्या जत्रेला तो आला, आणि मी त्याला दुसरा हात दिला. पहिला आता माझ्या हयातीपर्यंत माझा. दुसरा कुणाला द्यायचा ते माझ्या हातात. लोकांनी वाखाणलं, बघा थोरल्याचं मन! मन कसलं. मला तो सगळ्या गावासमोर माझ्या मागं उभा हवा होता. शर्टाच्या बाह्या दुमडून तो उभा राहिला. मी थांबलेल्या लाटेला छाती लावली, रेटली, खुंटा कण्हला, लाट हातभर गेली, संथपणे एक फेरी घेऊन आली. टोक त्याच्या छातीसमोर आलं. त्यानं हात दिला, काय सांगू, केसाएवढीही चूक नाही. लाट अशी उसळली की दरडीवरची माणसं उभी राहिली. "धाकट्यानं हात लावला आन् सुटली बघा!" आबा ओरडले. त्या दिवसापासून आजपर्यंत हेच.

थांबलेली उचलली कुणी, हे कुणी विचारत नाही.

आता आबा नाहीत, बापूस नाही, वरच्या घरातला फेटेवाला नाही. धाकटा पुण्यात असतो, त्याचेही गुडघे गेलेत. परवा त्याचा फोन आला. बोलता बोलता मी विचारलं, तुमचे वाद मिटले का?

"नाही मिटले," तो म्हणाला. "काही म्हणतात, बाहेरून आत रेटत आणणाऱ्या मोठ्या लहरी वेग देतात. काही म्हणतात, पट्ट्यातल्या पट्ट्यात छोट्या, झपाट्याच्या लहरी उठतात, त्या जागेवरच देतात. आता लोक म्हणतात दोन्ही. पण एक गोष्ट बरीचशी मान्य झालीय. त्या छोट्या लहरींना अगदी मंद कण नीट उचलता येत नाही. आधी कुणीतरी त्याला थोडा वेग दिलेला असावा लागतो. मगच पुढचा जोर चढतो."

"थांब," मी म्हटलं. सुनेला हाक मारली, नातवाला हाक मारली. फोनचा आवाज मोठा करायला लावला. "हां, आता परत सांग."

तो हसला, पण त्यानं सांगितलं, सगळं, शब्दाला शब्द. आधी कुणीतरी वेग दिलेला असावा लागतो. सुनेनं ऐकलं. नातवानं ऐकलं. ओटीवर वरच्या घरातला एक पोर आला होता, त्यानंही ऐकलं.

"पण दादा," तो फोनमधून म्हणाला, "दुसरा हात नसेल तर पहिला दिलेला वेग..."

मी फोन बंद केला. सून म्हणाली, "काय झालं, मामंजी?"

म्हटलं, रेंज गेली. सूर्यावर काहीतरी झालं असेल.